न धरलेला उपास

आमच्याकडं ताटावर हात आडवा धरणाऱ्या बाईला दोनच गोष्टींसाठी माफी असते. एक तर तिला दिवस गेलेले असावेत, नाहीतर तिचा उपास असावा. तिसरं काही सांगायला गेलात की संपलं. मी कितीतरी वर्षं ते तिसरंच सांगत फिरले. लोकांनी मला नखरेल ठरवलं, शिकून माजलेली ठरवलं, आणि एका लांबच्या काकूनं तर कुणीतरी करणी केली आहे असंही ठरवून टाकलं. तिच्याकडं त्याचा इलाजही तयार होता.

तिसरं कारण असं होतं. माझ्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. महिनोन् महिने त्या गप्प असतात आणि मग काही कारण नसताना उठतात. उठल्या की संडासातून रक्त पडतं, पोट कुणीतरी ओल्या चादरीसारखं पिळतं, सांधे धरतात, आणि थकवा असा येतो की केस विंचरायलासुद्धा हात वर होत नाही. यातलं बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. उलट ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांनी तोंड गुबगुबीत होतं. "तब्येत सुधारली की गं तुझी!" असं लोक मला नेमकं माझ्या सगळ्यात वाईट महिन्यात म्हणतात. तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटतो. धरत नाही, कारण तेवढी ताकद नसते.

आणि एवढ्यावर भागलं नाही. नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरांकडं मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "एक ते दहात सांगा, किती दुखतं?"

मी विचारलं, "दहा म्हणजे किती?"

"सगळ्यात जास्त."

"कुणाचं सगळ्यात जास्त?"

डॉक्टरांना वाटलं मी त्यांची फिरकी घेते आहे. मला खरंच कळत नव्हतं. मला दुखतं हे कळतं, पण कुठं, किती, कधीपासून, हे विचारलं की सगळं एकात एक मिसळतं. भूक, लघवी, भीती आणि पोटातली कळ या चारही गोष्टी मला सारख्याच लागतात. शिवाय माझ्या तोंडाला दुखणं दाखवता येत नाही. तोंड आपलं कोरं असतं. माणूस विव्हळत नाही, कण्हत नाही, डोळ्यात पाणी नाही, तर दुखत असेल कशावरून? दुर्बिणीची तपासणी झाल्यावर तेच डॉक्टर पडद्यावर बघत म्हणाले, "अहो, हे घेऊन तुम्ही बसनं आलात?" मी म्हणाले, "हो, लातूरहून. अहमदपूरपर्यंत उभं राहून." त्यांनीच मला मनाच्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं, आणि त्या बाईंनी चार-पाच भेटींनंतर सांगितलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासूनच आहे, कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. एसटीत बसून लातूरपर्यंत मी रडले. दुःखानं नाही. लहानपणापासून मला सायकलच्या पंपाचा आणि भांड्यांचा आवाज, लोकरीचं कापड, अंगाला चिकटून बसणारी माणसं, अचानक आलेले पाहुणे, यातलं काही सोसत नव्हतं, आणि आवाज वाढला की माझी वाचा जायची. शब्द डोक्यात असायचे, तोंडापर्यंत यायचे नाहीत. मी त्याला माझा हेकटपणा समजत होते. त्याला नाव आहे हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच दिवशी भावाला फोन करून सांगितलं.

भाऊ माझ्याहून लहान आहे, शेती बघतो, स्वभावानं चांगला आहे. तो म्हणाला, "आक्का, ते तर लेकरांना असतंय ना? तू तर एमए हायस."

मी फोन ठेवून दिला. डोकंच फिरलं.

भावाचं सोडा. जगाचंही सोडा. मला एकट्या मायनं मानलेलं पाहिजे होतं. माझी माय देवणीकडच्या आमच्या गावात भावाजवळ राहते. तिनं एकदा फक्त म्हणावं की हो, हिला काहीतरी आहे, ही सोसते आहे. औषधपाणी माझं मी करते, पैसा माझा मी कमावते, काळजी पण करू नको, फक्त मान. याच्यापलीकडं मला तिच्याकडून काही नको होतं, आणि नेमकं तेच मिळत नव्हतं. मी पोटाचं सांगायला लागले की ती म्हणायची, "बाहेरचं खाऊन राहिलीस तू, दुसरं काय न्हाई." मी डोक्याचं सांगायला लागले की ती पदरानं तोंड पुसायची आणि उठून चुलीकडं जायची. लग्न मोडलेल्या लेकीचं डोकं बिघडलं असं गावात झालं तर काय, ही भीती तिच्या पाठीवर दिसायची.

मी लातूरला एका खोलीत राहते. क्लासेसच्या प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवून देते. कामात माणूस लागत नाही म्हणून हे काम मी निवडलं. ते मला जमतंही चांगलं, एखादी मात्रा चुकली तर मला ती अंगाला टोचते. पण खरं सांगायचं तर एकटेपण निवडलेलं असलं म्हणून कमी होत नाही. आजूबाजूला सगळी होस्टेलं आहेत, पोरी जिन्यातून हसत खिदळत जातात, मी कानात कापूस घालून बसते, आणि त्या सुट्टीला गावी गेल्या की मलाच करमत नाही. दुखणं उठलं की मायच्या फोनला हुं करणं सोडलं तर मी चार-चार दिवस कुणाशी बोलत नाही. पाचव्या दिवशी दूधवाला काही विचारतो तेव्हा माझा आवाज घोगरा निघतो. मला माणसं पाहिजेत, पण मला माणसं सोसत नाहीत. आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तर उपासाची गोष्ट नांदेडला सुरू झाली.

मावशीच्या मुलीचं लग्न होतं. जाणं भागच होतं, नाहीतर मावशीनं जन्मभर ऐकवलं असतं. मंगल कार्यालयात बँड, वर माईक, त्यावर कुणीतरी आलेल्या पुढाऱ्यांची नावं ओरडून सांगून राहिलेलं. त्यात माझ्या पोटानं सकाळपासून रंग दाखवला होता. पंगत बसली तेव्हा मी मावशीला म्हणाले, "मावशी, मला जेवायचं नाही, पोट बरं नाही." मावशी म्हणाली, "माझ्या लेकीच्या लग्नात उपाशी उठतीस? दोन घास खाल्ल्यानं मरत न्हाईस." आणि तिनं वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात मसालेभात, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार घातली. मी ताटावर हात धरला. तूप हातावर पडलं. बाजूच्या बायका बघायला लागल्या. मावशीचा आवाज चढला. माझी वाचा गेली ती गेलीच. मी नुसती मान खाली घालून बसले.

माझ्या शेजारी एक म्हातारी होती, वरपक्षाकडची, माझी ओळख ना पाळख. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "उपास हाय का बाई?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली, का नुसती हलली, मला आजही सांगता येणार नाही.

"मग बोलंना कामून? मौन पण हाय का?"

मी पुन्हा मान हलवली.

आणि काय सांगू, चमत्कार झाला. मावशीनं जीभ चावली. ताट उचललं गेलं. दोघी जणींनी मला उठवून मागच्या खोलीत नेलं, पंख्याखाली खुर्ची दिली, दार लोटून घेतलं, "कुणी जाऊ नका गं तिकडं, मौन हाय तिचं" असं बाहेर बजावलं. अंधार, गार वारा, कुणी हात लावत नाही, कुणी खा म्हणत नाही. जे मी दोन डॉक्टरांचे कागद दाखवून मिळवू शकले नव्हते ते मला एका म्हातारीनं दोन मिनिटांत मिळवून दिलं. मी त्या खुर्चीत बसून हसले, मग रडले, मग झोपले. निघताना नवरीनं माझ्या पाया पडून घेतलं. त्यांना वाटलं निरंकार उपासाची बाई, हिचा आशीर्वाद लागेल.

तिथून पुढं मला काही करावंच लागलं नाही. बातमी आपोआप पसरली. बारसं असो, वास्तुशांती असो, साखरपुडा असो, मी पोचायच्या आधी माझा उपास पोचलेला असायचा. "तिला आग्रह करू नका, तिचं कडक हाय." उपास कोणत्या देवाचा आणि कशासाठी, हे मला कुणी विचारलं की मी मौनात असायचे, म्हणून तेही लोकांनीच ठरवलं. मावशीचं मत पडलं, मोडलेला संसार पुन्हा जुळावा म्हणून. भावजय म्हणायची, पूर्वीचं काहीतरी फेडायचं असेल. मजा होती एकेक.

मजा म्हणते खरी. पण पहिले काही महिने गेल्यावर तिचा उबग आला. पूर्वी लोक माझ्याशी भांडत तरी होते. आता ते माझ्यापासून हातभर लांब बसायचे, आवाज खाली करायचे, आणि मी उठून गेले की मोकळे हसायचे. मला मान मिळाला आणि माझी उरलीसुरली माणसं गेली. चिडलेली मावशी मला आठवायला लागली. ती निदान माझ्या पोटावर चिडलेली होती.

मायशी मी फोनवर रोज बोलते. म्हणजे ती बोलते, मी हुं करते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" पूर्वी याच प्रश्नावरून आमचं वाजायचं. मी म्हणायचे, पोट दुखतंय, ती म्हणायची, बाहेरचं खाल्लं असशील, आणि तिथून पुढं दोघींचा दिवस वाईट. मग एकदा मी थकून म्हणाले, "माय, आज उपास हाय." मग ती मऊ आवाजात म्हणाली, "बरं बाई. देव बघतोय. पड जरा." तेवढं 'पड जरा' ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! मग काय, सवयच लागली. पोट उठलं की मी उपास सांगायचे आणि माय मला 'पड जरा' म्हणायची. दिवाळीनंतर दुखणं जोरात उठलं तेव्हा तर आठवड्यातले बरेचसे दिवस मी उपास सांगितला. तिकडं काय होतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मायला साखर आहे. जेवणाची वेळ चुकवायची नाही हे मीच तिला दहा वेळा बजावलेलं आहे.

मार्गशीर्षाच्या शेवटी आमच्याकडं येळवस असते, वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळा गाव कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी नेतंच. मला तो दिवस शहरात घालवायला आवडतो, एवढी शांतता वर्षातून एकदाच मिळते. पण या वेळी मायनं धोशा लावला. "ये बाई एक दिवस. खाऊ नको, बोलू नको, नुसती रानात बस." दुखणंही जरा उतरलं होतं. डॉक्टरांनी मऊ भात आणि ताक एवढ्यावर ठेवलं होतं, तिखट, आंबट आणि सालीचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही असं निक्षून सांगितलं होतं. म्हटलं उपास आहेच, जाऊ. सकाळी मायला फोन करून सांगितलं, "येते मी. पण उपास हाय हां माझा." ती म्हणाली, "ठाव हाय."

रानात भावानं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप छान घातली होती. आत पांडवांच्या नावानं पाच दगडांची पूजा झाली होती. बाहेर भावाच्या ओळखीची लातूरची चार घरं आलेली, लेकरं झोक्यावर, बायका पानं मांडून राहिलेल्या. येळवशीचं जेवण म्हणजे भज्जी आणि अंबील. भज्जीत तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, चिंच, हिरवी मिरची, असं रानात जे असेल ते सगळं शिजतं, आणि अंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं आंबट ताक. थोडक्यात, माझ्या डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं एका पानात. मी कोपीच्या सावलीला गोणपाटावर बसले. कुणी जवळ आलं नाही. पिकाचा वास येत होता. बरं वाटत होतं.

माय वाढत होती. सत्तरीच्या पुढची बाई, पण या दिवशी ती कुणाच्या हातात पळी देत नाही. मी माणसांच्या तोंडाकडं बघत नाही, हातांकडं बघते, ती माझी खोडच आहे. म्हणून मला आधी दिसलं की मायचे हात कापून राहिलेत. मग दिसलं की थंडीत तिच्या कपाळावर घाम आहे. मग तिच्या हातातून अंबिलीचा गडवा सुटला आणि ती त्याच्याकडं अशी बघत राहिली जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी भावजयीला खुणेनं बोलावलं. ती म्हणाली, "सकाळपासून पोटात काही न्हाई ना आक्का त्यांच्या. तुमचा उपास हाय म्हणून त्यांचा पण हाय."

मी म्हणाले, "काय?" माझं मौन तिथंच सुटलं.

"तुम्ही फोनवर सांगता की, आज उपास हाय म्हणून. त्या दिवशी आत्या पण धरतात. पाणी सोडून काही घेत न्हाईत. दिवाळीपासून लईच झालं. मला वाटलं तुम्हाला ठाव हाय."

"आणि साखरेची गोळी?"

"गोळी घेतली की सकाळी."

मी तिकडं लातुरात पोट धरून पडलेली, आणि ही इकडं माझ्यासाठी उपाशी. मी उठून पळाले. मायला धरून कोपीत बसवलं, गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं दात घट्ट मिटले.

"खा माय. तुझी साखर उतरलीय."

"न्हाई. मोडत न्हाई मी. तुझा नवस वाया जाईल."

"नवस न्हाई गं!" मी ओरडले. सगळं रान माझ्याकडं बघायला लागलं. "नवस न्हाई, उपास न्हाई, देवाचं काही न्हाई. माझ्या आतड्यात जखमा हायत. मला रक्त पडतं. मला जेवण जात न्हाई म्हणून मी उपास सांगते. आणि गर्दीत मला बोलता येत न्हाई, ते माझं डोकंच तसं हाय, ते मौन न्हाई!"

इतकी वर्षं जे मला सांगायचं होतं ते सगळं मी एका दमात, एवढ्या माणसांपुढं, सांगून टाकलं. मायनं ऐकलं. तिचे डोळे कुठंतरी लांब लागले होते. मग ती म्हणाली, "मला खाऊ घालाया लबाड बोलून राहिली."

मी गुळाचा खडा माझ्या तोंडात टाकला. "हे बघ, मोडला माझा. आता खा."

"मागं जाऊन थुकशील. जेव माझ्यासमोर. तू जेव, मग मी खाते."

भाऊ गाडीची किल्ली शोधत होता. गाडी बांधावर, बांधाच्या पुढं दुसऱ्यांच्या गाड्या, आणि दवाखाना देवणीला. मायची मान एका बाजूला कलायला लागली होती. मी जोरानं गूळ घातला तो तिनं बाहेर ढकलला. जगातली सगळ्यात हट्टी बाई कोण असं कुणी मला विचारलं तर माझ्याकडं उत्तर तयार आहे.

मी भावजयीला म्हणाले, "वाढ."

तिनं पान वाढलं. मी बाजरीचा उकडलेला उंडा कुस्करला, त्यावर भज्जी घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. मायनं बघितलं, गिळलेला बघितला, आणि तोंड उघडलं. मी गूळपाणी पाजलं. पुन्हा तिनं मिटलं. मी दुसरा घास घेतला, तिनं दुसरा घोट घेतला. मग खीर आणली. मी एक घास, ती एक घास. मी थांबले की ती थांबायची. तिचे हात स्थिर होईपर्यंत, कपाळाचा घाम वाळेपर्यंत मी खात राहिले. अंबील पण प्यायले. आणि आता हे कबूल करायला मला लाज नाही की मला ती भज्जी फार आवडली. किती वर्षांनी ती चव जिभेला लागली होती. मी आणि माय गुडघ्याला गुडघा लावून एका पानावर जेवत होतो आणि ती माझ्याकडं बघून हसत होती. त्या घटकेला मी इतकी सुखात होते की उद्याचं उद्या बघू म्हटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, नवस फिटला. भावजय डोळे पुसत होती. भाऊ किल्ली खिशात टाकत म्हणाला, "बघ आक्का, सगळं खाल्लंस की. झालं का काही? उगं डोक्यात घेऊन बसली होतीस."

संध्याकाळी मी लातूरला परत आले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठलं ते असं उठलं की गेल्या कित्येक वर्षांत तसं उठलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, काय खाल्लं? मी पदार्थाचं नाव सांगितलं. येळवशीची भज्जी काय असते हे नांदेडच्या डॉक्टरला सांगावं लागत नाही. गोळ्या वाढल्या, इंजेक्शनं लागली. कामाचे दोन क्लास हातचे गेले, ऐन हंगामात पडून राहणारी बाई कुणाला परवडते? होस्टेलच्या पोरी जिन्यातून वर-खाली जात राहिल्या. त्यातल्या एकीनं एकदा दार वाजवून विचारलं, "आंटी, ठीक आहात ना?" मला बोलता आलं नाही. ती थोडा वेळ थांबून गेली. मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि मला सारखं वाटत होतं की मी मेले तर वास येईपर्यंत कुणाला कळणार नाही.

त्यातच एका दुपारी मायचा फोन आला. या वेळी तिनं 'जेवलीस का' विचारलं नाही.

म्हणाली, "त्या दिवशी रानात तू काय काय बोललीस ना, ते मी मनात घोळवून राहिले. तेव्हा काही समजंना झालं होतं मला. मग वाटलं, उपासाचं तेवढं सोडलं तर तू जन्मात कधी लबाड बोलली न्हाईस. तुला ते जमतच न्हाई. म्हणजे रक्त पडतं म्हणालीस ते खरं असंल. गर्दीत वाचा जाते म्हणालीस ते पण खरंच. तू लहान होतीस तेव्हापासून तुझं तसं हाय, मी काय बघितलं न्हाई का? नुसतं मानायचं भ्या वाटत होतं बाई. लई सोसलंस तू. एकटीनं सोसलंस."

मी पिशवी बाजूला ठेवली. उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. उशीत तोंड खुपसून मी रडले. फोन कानाला तसाच होता.

"ऐकून राहिलीस ना?"

"हाव माय."

"इथं ताट वाढून बसले मी कवाची. तुझ्या जिवाला दुखत असंल तर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई, तुला सांगते. आता दुखत न्हाई ना?"

मला माहीत होतं, ती बोलते तसं करते. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि गोळी तिनं सकाळीच घेतलेली असणार.

"न्हाई माय," मी म्हणाले. "काही दुखत न्हाई."

"मग जेवते मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.